स्काउटचा पूर्ण गणवेश: इंदूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की आमच्या फोनवर एकच विषय चालू होतो. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कुठूनही फोन आला तरी दुसरं वाक्य गणवेशाचं असतं. बहुतेक प्रश्न खर्चाचे असतात, काही तत्त्वाचे, आणि एखाद-दुसरा आजोबांचा. उत्तरं आमच्या दलाच्या पद्धतीप्रमाणे दिली आहेत. आमचं दल कुठल्याही शाळेचं नाही, ओपन ग्रुप आहे. शाळेच्या दलात थोडा फरक पडू शकतो.

पहिल्या दिवशी पूर्ण गणवेशात यावं लागतं का?

नाही. नव्या मुलाला आधी ‘प्रवेश’चा अभ्यास करायचा असतो: नियम, प्रतिज्ञा, सॅल्यूट, डाव्या हाताने हस्तांदोलन, काही गाठी. त्यात साधारण तीन महिने जातात. मग दीक्षा होते, म्हणजे मूल प्रतिज्ञा घेऊन स्काउट होतं, आणि तेव्हाच सदस्यत्वाचा बॅज आणि स्कार्फ मिळतो. तोवर घरचे धुतलेले कपडे आणि पायात बूट पुरे. चपला घालून खेळताना मुलं पडतात, म्हणून बुटांचा आग्रह.

पहिल्याच आठवड्यात पूर्ण गणवेश घेऊन या असं कुणी सांगत असेल, तर त्याने क्रम उलटा केला आहे. आधी मुलाला मैदान आवडू दे. रविवारी सकाळचे पोहे-जलेबी सोडून सलग तीन महिने येणारं पोर टिकतं, असा आमचा अनुभव आहे.

पूर्ण गणवेशात काय काय येतं?

भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या नियमांप्रमाणे स्काउटला स्टील ग्रे रंगाचा शर्ट लागतो, वरून लावलेले दोन खिसे आणि खांद्यावर पट्ट्या असलेला. खाली गडद निळी हाफ किंवा फुल पॅन्ट, डोक्यावर गडद निळी बेरे टोपी आणि तिच्यावर बॅज, गळ्यात दलाच्या रंगाचा त्रिकोणी स्कार्फ आणि तो अडकवायला वॉगल, कमरेला संस्थेच्या बकलचा पट्टा, काळे मोजे आणि साधे काळे लेदरचे बूट. त्याशिवाय खांद्यावरचा बॅज, सदस्यत्वाचा बॅज, टोलीचं (दलातल्या लहान गटाचं) चिन्ह. लॅनियार्ड (शिट्टीची दोरी) आणि शिट्टी पुढे येतात, त्याची घाई नाही.

यातलं घरात आधीच किती असतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. काळे बूट-मोजे बहुतेक शाळांना लागतातच. गडद निळी पॅन्ट अनेक शाळांच्या गणवेशात आहे, आणि नसली तरी एखाद्या काकाच्या मुलाची आखूड झालेली निघते. म्हणजे खरा नवा खर्च शर्ट, टोपी, पट्टा, स्कार्फ आणि बॅज एवढ्याचा. दुकानदार मात्र ‘सेट’ देतो, आणि त्या सेटमध्ये बूटही येतात. तिथे बिल फुगतं. सेट घेऊ नका, सुटं घ्या.

मग मूळ प्रश्न: खर्च असूनही पूर्ण गणवेश सक्तीचा असावा का?

आमचं मत असं की गणवेश घालणं सक्तीचं असावं, तो विकत घेणं नसावं. मुलाच्या अंगावर गणवेश चढेल याची जबाबदारी दलाची आहे. घरच्यांना जमेल तेवढं त्यांनी करावं, उरलेलं दलाने.

गणवेशाच्या बाजूने जे बोललं जातं ते खोटं नाही. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलचं म्हणणंच होतं की सगळ्यांनी एकसारखा वेश घातला की वर्ग आणि देश यांचे भेद झाकले जातात. मैदानावर ते दिसतंही. बंगल्यातून गाडीने येणारा आणि दोन बस बदलून येणारा एका रांगेत उभे असतात, तेव्हा कोण कुठला हे लांबून कळत नाही. शर्टाची इस्त्री, बॅज सरळ लावणं, बूट पुसणं, या गोष्टी दहा-अकरा वर्षांचं मूल स्वतः करायला शिकतं. आईने बूट पुसून दिले तर आम्हाला लगेच ओळखू येतं, कारण ते फार चांगले पुसलेले असतात.

पण या युक्तिवादाला एक भोक आहे. रांगेतली समानता रांगेत आलेल्यांपुरतीच. जो खर्चाच्या धास्तीने आलाच नाही, तो रांगेत दिसत नाही आणि मोजलाही जात नाही. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, चांगल्या शाळेत गेलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याची शाळेची फी सुटली, पण स्काउटचा गणवेश घ्यायची वेळ आली की घरी गप्प बसतो आणि सरांना सांगतो, “मला आवडत नाही स्काउट.” हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या मुलांकडून ऐकलं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना स्काउट आवडत होतं.

संस्थेच्या नऊ नियमांतच दोन्ही बाजू आहेत. तिसरा नियम सांगतो की स्काउट सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काउटचा भाऊ असतो, आणि आठवा सांगतो की तो काटकसरी असतो. मुलाला नियम पाठ करायला लावायचे आणि बापाला उधारी करायला लावायची, हे एकाच मैदानावर शोभत नाही.

इतिहासही थोडा पाहा. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काउटचं पहिलं शिबिर भरलं. वीसेक मुलं होती. काही इंग्लंडच्या महागड्या शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ या गावांच्या कामगार वस्त्यांतली. त्यांना पूर्ण गणवेश नव्हता. पितळेचा बॅज आणि खांद्यावर टोलीच्या रंगाच्या लोकरीचा झुपका, एवढ्यावर काम भागलं. श्रीमंत-गरीब एकत्र आणण्याचा प्रयोग गणवेशाच्या आधी झाला होता, हे गणवेशावर अडून बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. खुद्द बेडन-पॉवेलनेही पुढे लिहून ठेवलं की मुलाचं मन कामात असेल आणि तो नियम पाळत असेल, तर त्याने गणवेश घातला की नाही याची आपल्याला फिकीर नाही, मात्र ज्याला परवडतो असा जवळजवळ प्रत्येक स्काउट तो घालतोच. त्या ‘परवडतो’वर आमचं सगळं काम चालू आहे.

नुसता स्कार्फ चालेल का?

साप्ताहिक सभेला चालतो. स्कार्फ, स्वच्छ कपडे, बूट. जगभर स्काउटची ओळख स्कार्फवरूनच आहे. १ ऑगस्टला, म्हणजे ब्राउनसी शिबिर सुरू झालं त्या तारखेला, जगभरचे आजी-माजी स्काउट ऑफिसच्या कपड्यांवरही स्कार्फ घालतात. अमेरिकेतली संघटना गणवेशाचा भरपूर आग्रह धरते, पण सदस्य होण्यासाठी ती अट ठेवत नाही. आम्ही काही वेगळं करतोय असं नाही.

सेवेच्या कामात स्कार्फ जास्तच उपयोगी पडतो. २०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे. तसल्या गर्दीत चुकलेली आजी पोलिसाला शोधते, नाहीतर ज्याच्या गळ्यात काही ओळखीचं दिसतं त्या पोराला हाक मारते. तिला पट्ट्याचं बकल दिसत नाही.

स्कार्फ घरी शिवता येतो का?

येतो, आणि शिवावाच. दुकानात एकेक घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हिशेब सांगते.

स्कार्फ त्रिकोणी, दोन बाजू ७० ते ८० सेंटिमीटर. सुती पॉपलिन घ्या, पन्हा ३६ इंच. त्यातून ८० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा चिरा. दोन स्कार्फ झाले. २४ मुलांच्या दलाला १२ चौकोन लागतात, म्हणजे ९.६ मीटर. दहा मीटर घेतलं की झालं. कडेची जी पट्टी उरते ती गाठींच्या सरावाला.

एकच ठिकाण अवघड. दोन सरळ कडा नीट शिवल्या जातात, पण तिरपी कड मशीनखाली ताणली जाते आणि लाटांसारखी होते. म्हणून आधी बारीक दुमड घालून इस्त्री फिरवा, मग कापड न ओढता, हात सैल ठेवून टीप मारा. नव्या मशीनवर घाईने शिवलेला स्कार्फ गळ्यात कधीच सरळ पडत नाही, कितीही गुंडाळा.

रंग दलाने ठरवायचा. हिरवा, जांभळा आणि पिवळा नियमात चालत नाहीत. कापड धुऊन मग कापा, नाहीतर पहिल्या पावसात रंग शर्टावर उतरतो.

शर्ट रेडिमेड घ्यावा की शिवून?

दोन-चार मुलं असतील तर रेडिमेड. जास्त असतील तर क्लॉथ मार्केटमधून एकाच ताग्यातलं कापड घ्या आणि एकाच टेलरकडे द्या. ‘स्टील ग्रे’ नावाच्या तीन-चार छटा मिळतात. वेगवेगळ्या दुकानांतून घेतले तर रांगेत उभं राहिल्यावर कुणाचा राखाडी, कुणाचा निळसर, आणि मुलांना एकमेकांचा शर्ट चिडवायला विषय मिळतो.

टेलरला तीन गोष्टी सांगा. बाजूच्या शिवणीत आणि खालच्या दुमडीत कापड सोड. खांद्याच्या पट्ट्या खऱ्या कर, नुसत्या शिवून चिकटवू नको. आणि खिसे वरून लाव. आठवीतलं पोर एका उन्हाळ्यात इतकं वाढतं की आत सोडलेलं कापड आणखी एक वर्ष काढून देतं.

बॅज आणि बकल मात्र संस्थेच्या अधिकृत स्काउट शॉपमधूनच. बाहेर नकली मिळतात, रॅलीत ते पकडले जातात आणि मग मूल ओशाळतं.

दलाचं कपाट म्हणजे काय?

आमच्या सगळ्या व्यवस्थेचा कणा. एक लोखंडी कपाट आहे, त्यात वापरलेले शर्ट, टोप्या, पट्टे, मापाप्रमाणे ठेवलेले. मूल दीक्षेला आलं की आधी कपाट उघडायचं. कपाटात माप सापडलं नाही तरच नवं.

यात एका गोष्टीचा आमचा आग्रह असतो: *सगळ्यांनी* आधी कपाटातून घ्यायचं. डॉक्टरच्या मुलानेही आणि घरकाम करणाऱ्या मावशीच्या मुलानेही. ‘गरजूंसाठी’ अशी चिठ्ठी लावलेलं कपाट म्हणजे मुलांना दोन रांगांत उभं करणं. काही पालकांना हे खटकतं. “आम्ही घेऊ शकतो ना ताई, दुसऱ्याचा कशाला?” अशावेळी आम्ही सांगतो की नवा जरूर घ्या, पण आखूड झाला की कपाटात द्या. बहुतेक तयार होतात. एकाने तर नवे दोन आणून दिले आणि स्वतःच्या मुलाला जुनाच घालू दिला.

कपाटाची चावी मोठ्यांकडे नसते. ती टोलीनायकांपैकी एकाकडे, वहीसकट. काय गेलं, कुणाकडे, कोणत्या मापाचं, सगळं तो लिहितो. शर्टाच्या कॉलरच्या आत मार्करने नाव लिहायची पद्धत आहे. शर्ट पुढच्याकडे गेला की आधीच्या नावावर एक रेघ आणि खाली नवं नाव. काही कॉलरांवर चार नावं आहेत, वरची धुऊन फिकट झालेली. ज्या मोठ्या मुलाचं नाव सगळ्यात वर आहे तो आता रोव्हर (मोठ्या वयाचा स्काउट) आहे, आणि त्याचा शर्ट कुणाच्या अंगावर आहे हे तो दर रविवारी बघून घेतो.

बॅज कच्च्या टाक्यांनी लावायचे. मशीनने शिवले तर काढताना कापड फाटतं आणि शर्ट पुढे जात नाही.

वापरलेला शर्ट घालायला माझ्या मुलाला लाज वाटेल.

मुलांना नाही वाटत. एकदा कॉलर दाखवा.

मुलींसाठी वेगळं काही?

गाइडचा वेश आकाशी रंगाचा, आणि सलवार-कमीजसह एकाहून जास्त पर्याय आहेत. खेळायला, तंबू ठोकायला सलवार-कमीज बरा पडतो आणि मुलगी वाढली तरी जास्त दिवस टिकतो. बाकी कपाट, स्कार्फ, बॅज सगळं तेच.

एनसीसीत गणवेश सरकार देतं. इथे का नाही?

कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि संरक्षण मंत्रालयाखाली आहे. भारत स्काउट्स अँड गाइड्स ही ७ नोव्हेंबर १९५० ला जुन्या संघटना एकत्र होऊन बनलेली नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाइडही त्यात आल्या. स्वयंसेवी म्हटलं की खर्च आपापसात भागवणं आलं. तुलना करायचीच तर कामाची करा, कपड्यांची नको.

शाळेने सांगितलं, गणवेश अमुकच दुकानातून घ्या. काय करायचं?

मध्य प्रदेशात खासगी शाळांसाठी २०१७ चा फी-नियमन कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम आहेत. पुस्तकं आणि गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळा करू शकत नाही. स्काउटच्या कपड्यालाही आम्ही हाच न्याय लावतो. आधी शांतपणे मुख्याध्यापकांना भेटा, चार पालक मिळून. भांडायला एकटं जाऊ नका, त्रास शेवटी मुलाला होतो. बॅज-बकल अधिकृत ठिकाणचे हवेत, हे मात्र शाळेचं म्हणणं बरोबर आहे.

रॅली, सोपान परीक्षा, राज्य पुरस्कार, पचमढी… तिथे सवलत मिळते का?

तिथे नाही, आणि आम्ही मागतही नाही. सोपान म्हणजे स्काउटच्या प्रगतीची पायरी. तृतीय सोपान आणि राज्य पुरस्काराच्या शिबिरात तपासणी असते. रोज सकाळी टोली रांगेत उभी राहते आणि बुटापासून बेरेच्या कोनापर्यंत सगळं पाहिलं जातं. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जाणाऱ्या मुलाकडे दोन जोड असलेले बरे, कारण पावसाळ्यात तिथे काही वाळत नाही.

त्यामुळे वेळापत्रक असं धरा. दीक्षेला स्कार्फ आणि बॅज. पहिल्या वर्षात शर्ट आणि टोपी. द्वितीय सोपानापर्यंत पट्टा आणि बाकीचं. खर्च एकदम न पडता दोन वर्षांत विभागला जातो. शिबिराच्या आधी काही कमी असेल तर टोलीनायकाला पंधरा दिवस आधी सांगा. आदल्या रात्री राजवाड्यावर बेरे शोधत फिरणारे वडील आम्ही पाहिले आहेत. नाही मिळत.

पैसे कुठून उभे करता?

मुलं कमावतात. ‘खरी कमाई’ हा स्काउटमधला जुना कार्यक्रम आहे: काम करायचं, मोबदला घ्यायचा, पैसे दलाच्या खात्यात. दिवाळीआधी आकाशकंदील बनवून विकणं सगळ्यात चांगलं चालतं, कारण इंदुरातल्या मराठी घरांना हातचा कंदील हवाच असतो. रद्दी गोळा करणं, सोसायटीच्या गाड्या धुणं, हेही. बांबू तासताना बोटं कापतात, पट्टी बांधायचा सराव आपोआप होतो. कंदिलाचा पैसा कपाटात गेला की शर्ट ‘फुकटचा’ राहत नाही, तो मुलांनी मिळवलेला असतो.

देणग्या घेतो, पण स्टेज, बॅनर आणि हार घालून ‘गणवेश वाटप’ कधी करत नाही. कुणी फोटोची अट घातली तर हात जोडतो. मुलाने दात्यासमोर शर्ट छातीशी धरून उभं राहायचं आणि तो फोटो ग्रुपवर फिरायचा, यापेक्षा त्याने घरच्या कपड्यांत सॅल्यूट केलेला चालेल.

हे मिलिटरीसारखं वाटतं. तत्त्व म्हणून गणवेश नको असेल तर?

शंका रास्त आहे. हा वेश लष्करी माणसाच्या डोक्यातून आला, आणि पूर्वी तो खाकीही होता. पण आमच्याकडे बंदूक नाही, कवायत गरजेपुरती, आणि पाचवा नियम प्राणी आणि निसर्गावर प्रेम करायला सांगतो. तरीही घरात ठाम मत असेल तर मूल स्कार्फवर येऊ दे. फक्त शिबिराची अडचण आधी समजून घ्या, आणि निर्णय मुलाशी बोलून करा. पुष्कळदा विरोध बाबांचा असतो आणि मुलाला बेरे हवी असते.

आजोबांचा खाकी गणवेश पेटीत आहे. तोच दिला तर?

आजोबा, तो जपून ठेवा, ७ नोव्हेंबरच्या झेंडा दिनाला घालून या. मुलांना बघायला आवडेल. नातवाला मात्र स्टील ग्रेच लागेल.

बेरे कशी धुवायची?

मशीनमध्ये नाही. गार पाणी, हलका साबण, पिळायची नाही, वाटीवर किंवा डब्यावर ताणून सावलीत वाळवायची. पावसात भिजली तरी तसंच. थंडीत वरून गडद निळा स्वेटर चालतो, बहुतेकांकडे शाळेचा असतोच.

मुलाने मध्येच सोडलं तर गणवेशाचं काय?

रागावू नका. सगळ्यांनाच मैदान मानवतं असं नाही. शर्ट-टोपी-पट्टा धुऊन कपाटात द्या. अनामत दिली असेल तर परत मिळते. महापालिकेच्या जुन्या कपड्यांच्या केंद्रात किंवा ‘नेकी की दीवार’वर ठेवणार असाल, तर आधी सगळे बॅज आणि बकल काढून आमच्याकडे आणून द्या, कारण सदस्य नसलेल्याने ते वापरायचे नसतात. टाके उसवायला दाढीचं ब्लेड घेऊ नका. कच्चा टाका आहे, सुईच्या टोकाने उचलला की धागा सबंध निघतो.